मिरचीच्या देठांचं विरजण

दही सांडलेलं आहे की ओतलेलं, हे कुठल्याही बाईला लांबूनच कळतं. सांडलेल्या दह्याभोवती धावपळ असते, चुकचुकणं असतं, कोणावर तरी खेकसणं असतं. हे ओतलेलं होतं. अंगणातल्या विहिरीपलीकडच्या मोरीत पांढरा घट्ट गोळा तसाच बसला होता, कडेनं पाणी सुटत होतं, वर माश्या. शेजारी गाडगं पालथं, राखेनं घासून वाळत ठेवलेलं. मी हातात रिकामी वाटी घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होते. नागपूरला बोर्डाचे पेपर तपासायला गेले होते, ती नुकतीच आर्वीच्या स्टँडवर उतरले होते. मे महिन्याची दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही. वर जाऊन खोली उघडली, माझं दह्याचं गंज उघडलं तर आत बुरशीचा नुसता बगीचा: काळी, हिरवी, एका कडेला भगवी. पण मी घाबरले नाही. माझं विरजण खाली घरमालकिणीकडे, आनंदाबाईंकडे होतंच. मी गावाला गेले की माझं मरायचं आणि परत आले की त्यांच्याकडून चमचाभर आणून मी ते पुन्हा उभं करायचे. म्हणून तर वाटी घेऊन उतरले. आणि समोर ती मोरी.

आनंदाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात सूप घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आल्या काय तुमी?" तुमी! वर राहायला आल्यापासून ही बाई मला तू म्हणते. 'अन्नपूर्णा, तुह्या डोक्याले तेल नाई वं', 'अन्नपूर्णा, तू तं लय वाळली'. आज एकदम तुमी. मानानं बोललेला शब्द इतका अंगावर येऊ शकतो हे मला ठाऊक होतं, पण विसरले होते. मी म्हटलं, "काकू, माझं सगळं खराब झालं. थोडं विरजण द्या." त्यांनी सूप खाली ठेवलं, एक खडा उचलून अंगणात फेकला आणि म्हणाल्या, "आता दिवे लागले. दिवे लागल्यावर विरजण नाई देत आमी." मी वर पाहिलं. ऊन असं होतं की विहिरीचा काठ डोळ्यांना खुपत होता. चपलेतून फरशी भाजत होती. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. दार जसं लोटून घेतात तसं त्यांनी ते वाक्य लोटलं होतं. आणि मला, देवाशप्पथ म्हणत नाही कारण देव मानत नाही, पण खरं सांगते, मला हसू फुटलं. हसतच मी वाटी घेऊन वर आले. तिसऱ्या पायरीवर हसू संपलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

जिन्यात त्यांची सून नलू गाठ पडली, वाळलेले कपडे घेऊन उतरत होती. पोर वाईट नाही. इकडेतिकडे पाहून पुटपुटली, "बाई, तुमचे मामा आलते. तुमी नव्हत्या तवा." मी विचारलं, मग? ती म्हणाली, "फाटकातूनच आवाज देल्ला त्यायनं. जय भीम अन्नपूर्णा! दोनदा. सारी गल्ली बाहेर आली." आणि कपडे छातीशी धरून ती खाली पळाली. रामाजीमामा. त्यांनी हिंगणघाटच्या गिरणीत जन्म काढला. यंत्रांच्या वरताण बोलायची सवय, निवृत्त झाले तरी आवाज गिरणीतलाच. त्या माणसाला हळू बोलताच येत नाही, आणि त्यानं हळू का बोलावं? भाचीच्या दारात उभं राहून राम राम म्हणायच्या जागी आपला शब्द म्हणाला. त्या दोन शब्दांनी खालचं दही विटाळलं. ते दही तेव्हा कुठं होतं? फाटकापासून पार आत, माजघरात, गाडग्यात, झाकणाखाली. तिथपर्यंत मामाचा आवाज गेला आणि दह्यात शिरला म्हणायचं.

मी काही लपवलं नव्हतं. हे मी स्वतःलाच सांगत होते, खोलीत येरझारा घालत, आणि सांगावं लागतंय याचाच संताप येत होता. खोली घेतली त्या दिवशी रूपरावजींनी, आनंदाबाईंच्या यजमानांनी, आडनाव विचारलं. वानखेडे म्हटल्यावर म्हणाले, "मोर्शीकडचे काय?" मी म्हटलं, "सेलूकडचे." ते म्हणाले, "हाव, तिकडंही हायेत आपले." आपले! त्यांनीच विचारलं, त्यांनीच उत्तर दिलं, मी किल्ली घेतली. वानखेडे कुणब्यांतही आहेत, आमच्यातही आहेत. या भागात आडनावावर भरवसा ठेवून चालत नाही हे त्यांना माहीत असायला हवं होतं. नावही अन्नपूर्णा, धर्मांतराच्या आधी ठेवलेलं. भिंतीवर मी देवाचा फोटो लावला नाही, बुद्धाचा नाही, बाबासाहेबांचा नाही, माझ्या आईचासुद्धा नाही. मला भिंती मोकळ्या लागतात. आनंदाबाईंनी त्याचाही अर्थ लावून टाकला होता: "सायन्सवाली हाय, त्यायचं असंच असते." मागच्या पावसाळ्यात मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून आमच्या लोकांची घरं जाळली, माणसं मारली, तेव्हा रूपरावजी ओट्यावर पेपर वाचत म्हणाले होते, "हे लोक माजले." मी तेव्हा जिना चढत होते. मी थांबले, त्यांच्याकडे पाहिलं, आणि "कोण लोक?" एवढंच विचारलं. ते म्हणाले, "तुमाले नाई समजाचं, तुमी शिकवन्यात असता." कॉलेजात पोरं माझ्या पाठीमागं मला तिखट म्हणतात, ते उगाच नाही. त्या दिवशी वर येऊन मी पितळी पेला भिंतीवर फेकला होता. त्यानं उडालेल्या खपलीची खूण अजून तिथं आहे.

पण आता प्रश्न पेल्याचा नव्हता. खोलीच्या मधोमध उभी राहून मला ते हळूहळू कळायला लागलं. माझं विरजण मेलं. त्यांनी त्यांचं ओतलं. म्हणजे माझ्यापुरतं आईचं संपलं.

आई, कमला, मागच्या वर्षी होळीच्या सुमारास गेली. तिच्या हातचं असं माझ्याकडे काय होतं? लुगडी वाटून टाकली. पाटा भावानं नेला. माझ्याकडे होतं ते दही. सेलूजवळच्या आमच्या गावी, दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी म्हैस घेतली. मेलेली जनावरं ओढायचं सोडलं होतं आणि पहिल्यांदा जिवंत जनावर दारात बांधलं होतं. दूध झालं. दही लावायला विरजण हवं. आई वाटी घेऊन मालकीणबाईच्या मागच्या दारी गेली, जिच्या शेतात ती कापूस वेचायची. भर दुपारी. मालकीणबाई म्हणाली, "दिवे लागले आता, कमले." हा आमच्या घरातला जुना विनोद होता. कोणी काही द्यायचं नाकारलं की बाबा म्हणायचे, "त्यायच्या इथं दिवे लागले." आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो. म्हणून मी आज हसले. हसण्यासारखं ते कधीच नव्हतं हे मला आज कळलं, या वयाला, एम.एस्सी. होऊन. आईनं त्या दिवशी घरी येऊन लाल मिरच्यांचे देठ खुडले, कोमट दुधात टाकले आणि वर ताट झाकलं. पहिलं जमलं ते पाणीदार, दुसरं त्याहून बरं, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला असं जमलं की वाटी उपडी केली तरी हलेना. आई तेव्हा जे बोलली ते मला पाठ आहे: "हे कोनाच्या घरचं नाई. हे आपल्या मिरचीचं हाय." त्या दिवसापासून ते चालत आलं. लग्नात, मयतात, बाबा गेले तेव्हाही शेजारच्या घरी चमचाभर ठेवून परत आणलं. मी शिकायला नागपूरला गेले तर आईनं ते फडक्यात वाळवून माझ्या ट्रंकेत घातलं. दुधात फडकं बुडवलं की पुन्हा जिवंत.

माझा विषय हाच आहे, म्हणून मला हे सगळं जास्तच झोंबतं. सेलूच्या शाळेत मास्तरांनी पहिल्यांदा 'जंतू' हा शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा सांगितलं, ते डोळ्यांना दिसत नाहीत पण घाणीत राहतात. वर्गातल्या सगळ्या माना आमच्या रांगेकडे वळल्या. दाराजवळ, चपलांपाशी आम्ही तिघं बसायचो. मास्तरांनी माना वळवू दिल्या. मी त्या वेळी ठरवलं की हे जंतू मी एकदा डोळ्यांनी पाहणार, आणि मग बघते. नागपूरला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मला वाटलं होतं दात असतील, नख्या असतील. कसलं काय! बारीक ठिपके आणि बारीक काड्या. काही गोल, एकमेकांना चिकटून माळ केलेले, काही दांडीसारखे, काही मळसूत्रासारखे पीळ पडलेले. बस, एवढ्याच आकारांत सगळं. ना डोकं ना पोट, एक भिंत, आत पाण्यासारखा रस आणि त्यात गुंडाळलेला एक धागा. पेशीत केंद्रकाची वेगळी खोलीसुद्धा नाही, सगळा संसार एकाच खोलीत. आमच्या घरासारखा. काहींना शेपूट असतं, त्यानं ते पोहतात. मला आठवतं, मी तिथं स्टुलावर बसून मनातल्या मनात त्या मास्तरांना शिवी हासडली होती. यांच्यावरून माना वळवल्या होत्या तुम्ही? हे तर तुमच्या तोंडात आहेत, आतड्यात आहेत, तुमच्या तुरीच्या मुळांना गाठी येतात त्यात बसून हवेतलं खत खाली आणतात. हे नसतील तर तुमचं शेत राहत नाही आणि मेलेलं ढोर कुजत नाही. मेलेलं ढोर ओढणारे आम्ही आणि कुजवणारे हे. दोघांचंही नाव काढलं की लोकांनी नाकाला पदर लावायचा.

आनंदाबाईंचं दही आधी कसं होतं ते मला विचारा. तार सुटायची. चमचा उचलला की लाळेसारखा दोर वर यायचा. काही जंतू स्वतःभोवती बुळबुळीत वेष्टन तयार करतात, दुधात ते वाढले की असं होतं. मी ते वर्गात शिकवते आणि खाली जेवायला बसले की तेच पानात. एकदा राहवलं नाही, म्हटलं, "काकू, हे फेका, मी माझं देते." दिलं. दुसऱ्या सकाळी ही बाई गाडगं घेऊन धावत वर आली होती: "अन्नपूर्णा, पाय वं पाय, सुरीनं कापा लागते!" आख्ख्या गल्लीला दाखवत फिरली. पलीकडच्या सुलोचनेनं मागितलं, तिला दिलं. तिच्या जावेनं नेलं. कोपऱ्यावरच्या शिंपिणीनं नेलं. मी गच्चीवरून पाहायचे आणि मला बरं वाटायचं. का वाटायचं? आई तिकडे गावात पडून होती, खोकत होती, आणि तिचं दही आर्वीत घराघरात जमत होतं. ती गेल्यावर मी सुट्टीनंतर परत आले, पहिलं काम काय केलं तर एक थेंब काचपट्टीवर घेतला, कॉलेजात नेऊन जांभळ्या रंगात रंगवला आणि पाहिला. जांभळ्या दांड्या, एकामागे एक. मध्ये गोल मण्यांच्या माळा. त्या दांड्यांचं एक असं आहे की त्यांच्यात आई मरत नाही. ती लांब होते, मध्ये एक पडदा धरते आणि दोन होते. पुन्हा दोन. कोण आई आणि कोण लेक, सांगता येत नाही. म्हणजे मिरचीच्या देठांवरून जी उतरली होती तीच ही, मध्ये कोणी मेलंच नाही. मी विज्ञानाची बाई आहे, मला हे भाबडं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडले.

आणि आता ते मोरीत होतं. उन्हानं करपत होतं. मी खिडकीतून पाहत राहिले. एकदा मनात आलं, खाली जाऊन मोरीतूनच चमचाभर उचलावं. काय हरकत आहे? मोरीतलं असलं तरी दांड्या जिवंत असतील, कोमट दुधात पुन्हा उभ्या राहतील. सोबत मोरीतलं काहीबाही येईल तेवढंच. मी उठलेसुद्धा. दारापर्यंत गेले. मग वाटलं, म्हणजे त्यांनी ओतायचं आणि मी मोरीतून उचलायचं. आईच्या आईनं हेच केलं होतं जन्मभर. नाही. काही जंतू वाईट दिवस आले की अंग आकसून घेतात, वर जाड कवच ओढतात आणि वर्षानुवर्षं गप्प पडून राहतात. उकळलं तरी मरत नाहीत. दह्याच्या दांड्यांना तेवढंही जमत नाही. फडक्यात वाळवल्या तरी थोडेच दिवस; त्यांना कोमट दूध लागतं आणि कोणीतरी आठवण ठेवणारं लागतं. मी दारातून परत फिरले. गंज घासून टाकलं. घासताना जाणवलं की खालचं ते गाडगं मातीचं आहे. मातीचं भांडं विटाळलं तर फोडतात, घासत नाहीत. यांनी फोडलं नव्हतं. विटाळातही चिकटपणा! मला त्याचाही राग आला.

ऊन उतरलं तेव्हा मी गच्चीच्या कठड्याशी उभी होते. मधल्या बुटक्या भिंतीपलीकडून सुलोचना आली, पदराखाली वाटी. या वेळी खरोखर दिवे लागत होते. तुळशीपाशी नलू काडी ओढत होती. आनंदाबाई मुद्दाम मोठ्यानं बोलल्या, गच्चीपर्यंत यावं इतक्या मोठ्यानं, "दे माय. आमचं तं सारंच इटाळलं." आणि भिंतीवरून वाटी घेतली. दिवे लागल्यावर विरजण! मला ओरडून सांगावंसं वाटलं: अहो बायांनो, सुलोचनेचं विरजण कोणाचं? तुमचंच. आणि तुमचं? माझं. आणि माझं सेलूच्या कमला वानखेडेचं, जिला कोणी चमचाभर दिलं नाही म्हणून जिनं मिरच्यांचे देठ खुडले. कितीही घासा राखेनं, गल्लीत दुसरं दहीच उरलेलं नाही! शब्द दातांपर्यंत आले. आणि मी तोंड मिटलं. कारण हे बोलले असते तर पंधरा मिनिटांत सगळ्या मोऱ्या पांढऱ्या झाल्या असत्या. सुलोचना ओतणार, तिची जाऊ ओतणार, शिंपीण ओतणार. त्यांच्या अज्ञानावर माझी आई जिवंत होती. मी खरं बोलायचं तर तिला मारायचं, आणि तिला ठेवायचं तर मी मूग गिळून बसायचं. जन्मात इतकी चीड आली नव्हती मला. कठड्याचे चुन्याचे पोपडे मी नखांनी खरवडून काढले. मग ठरवलं, गप्प राहायचं. उद्या-परवा कोणाला तरी गोड बोलून, नलूला गाठून, वाटीभर मिळवायचं, आणि एकदा माझ्या गंजात जमलं की मग या गल्लीला मी बघून घेईन.

सकाळी नलूच वर आली, पण वाटी घेऊन नाही. दाराबाहेरच उभी. म्हणाली, "मामंजी म्हणतेत खोली लागते. त्यायचा भाचा येऊन राह्यला शिकायले." भाचा! मेच्या सुट्टीत शिकायला! चप्पल घातली आणि थेट खाली गेले. रूपरावजी शेतावर निघून गेले होते, असली कामं बायकांवर टाकून पुरुष शेतावर जातात. सुलोचना आमच्या विहिरीवर पाणी काढत होती. आनंदाबाई स्वयंपाकघरात होत्या, आणि त्यांच्यासमोर पाटावर कालचं ते गाडगं, झाकण काढलेलं. दही जमलं होतं. सुरीनं कापावं असं. वर एकही चीर नाही, कडेला सायीची पिवळसर रेघ. माझे डोळे त्याच्यावरच खिळले. आनंदाबाई म्हणाल्या, "तिथंच बोला. आत नका येऊ." मी उंबऱ्यावर थांबले आणि माझं ठरवलेलं सगळं उडून गेलं. मी आवाज खाली आणून म्हटलं, सुलोचनेला जाऊ नये इतका खाली, "काकू, हे कोणाचं विरजण आहे, माहीत आहे का तुम्हाला? सुलोचनाबाईंनी तुमच्याकडून नेलं होतं, आणि तुम्ही माझ्याकडून. खोली सोडते मी. मला फक्त यातलं चमचाभर द्या. माझ्या आईच्या हातचं आहे ते. तुमचं काही जात नाही." विनवणी होती ती. माझ्या तोंडून मी विनवणी ऐकली आणि मला माझीच किळस आली.

मला वाटलं होतं ती दचकेल. गाडग्यापासून हात मागं घेईल. तिनं तसं काही केलं नाही. विहिरीकडे एकदा पाहिलं, पुढे झुकली आणि माझ्याइतक्याच हळू आवाजात म्हणाली, "मले समजत नाई काय? सुलोचनेचं तं मी तसंच ठेवलं, वाटीत, लोकायले दिसावं म्हनून घेतलं. हे माह्यंच हाय. मोरीत ओतायच्या आधीच वाटीभर काढून ठेवलं होतं म्या. असं दही दुसरीकडं कोठी भेटते?" मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. वर्षानुवर्षं शिकवते मी हे. मला वाटायचं, माणसं कळत नाही म्हणून असं वागतात. एकदा त्यांना काचपट्टीवर दाखवलं की त्या दांडीला जात नसते, तर वागणार नाहीत. या बाईला सगळं कळत होतं. काचपट्टी न पाहता कळत होतं. मी म्हटलं, "मग विटाळ कशाचा झाला?" ती म्हणाली, अगदी समजुतीच्या सुरात, लहान पोराला सांगावं तसं, "अवं, दही थोडंच जय भीम म्हनते? मानूस म्हनते. दही राहू देता येते घरात. मानूस नाई राहू देता येत. गल्लीत तोंड दाखवा लागते आमाले." आणि झाकण उचलून गाडग्यावर ठेवायला लागली. "विरजण मी देत नाई. इथून देल्लं तं सुलोचना पाहीन. जा आता तुमी."

मी उंबरा ओलांडला. दोन पावलं होती. मी खाली बसले, तिच्या हातातलं झाकण बाजूला सारलं आणि उजवा हात गाडग्यात घातला. बोटं नाही, चमचा नाही. मनगटापर्यंत अख्खा हात. दही गार होतं आणि घट्ट होतं, फुटताना थोडा आवाज झाला. मी मूठ आवळली, उघडली, पुन्हा आवळली. आनंदाबाईंच्या घशातून कसलातरी आवाज आला. मी गाडगं डाव्या हातानं कमरेवर घेतलं आणि उठले. अंगणात आले तरी उजवा हात आतच होता. मला वाटलं होतं ती आता विटाळ विटाळ म्हणून ओरडेल, गाडगं घेऊन जा म्हणेल. ती माझ्या मागोमाग धावत आली, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि विहिरीपाशी मला आडवी होऊन गाडग्याच्या कडेला तिनं दोन्ही हातांनी धरलं. माझा हात आत असताना. तिची बोटं माझ्या मनगटाला लागली, दही तिच्या हातांवर आलं. "ठेव वं खाली!" ती किंचाळली, "माह्यं हाय थे! तू देल्लेलं सारं विरजण त्यातच हाय माह्यं!"

सुलोचनेच्या हातातला दोर सुटला. बादली विहिरीत आपटत आपटत खाली गेली. नलू दारात आली होती. भिंतीपलीकडे शिंपीण उभी होती, तिच्या कडेवर पोर. आनंदाबाईंनी एकेकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि मग हळूहळू तिची बोटं सैल झाली. मी काही सांगायला गेले नाही, सांगायचं जे होतं ते तीच गल्लीभर ओरडून बसली होती. सुलोचनेच्या डोळ्यांत हिशोब चाललेला दिसत होता: वरच्या बाईकडून हिनं नेलं, हिच्याकडून मी नेलं होतं, मग माझ्या घरातलं. तिनं नाकाला पदर लावला. लाव म्हटलं मनात. ओत जा. मला आता कोणाची गरज नव्हती.

गाडगं घेऊन मी जिन्याच्या पायरीवर टेकले. खोली आवरायची होती, पेट्या भरायच्या होत्या, वर्ध्याच्या गाडीचं बघायचं होतं. हात कोपरापर्यंत माखला होता आणि उन्हात वाळायला लागला होता. त्या चौघी अजून तशाच उभ्या होत्या, माझ्याकडे बघत. मी हात तोंडाजवळ नेला आणि त्यांच्यासमोर चाटायला सुरुवात केली, आधी तळवा, मग एकेक बोट, सावकाश. आनंदाबाईंची बोटं जिथं लागली होती ते मनगटसुद्धा.